उजव्या स्पीकरची खरखर

माझ्या भावोजींनी आयुष्यभर लिफ्टमध्ये उभं राहून पगार घेतला. हे मी म्हणतो. ते स्वतः त्याला 'तपासणी' म्हणतात. लिफ्ट बसवणाऱ्या कंपनीत ते तपासनीस होते. लिफ्टमध्ये शिरायचं, दार लावून घ्यायचं, डोळे मिटायचे आणि खालीवर करत राहायचं. कुठल्या मजल्यापाशी काय घासतंय आणि काय कुरकुरतंय, हे डोळे न उघडता सांगायचे. कंपनीतली माणसं त्यांना कानसाहेब म्हणायची. पुढे नोकरी संपली, पण कान काही निवृत्त झाले नाहीत. ते घरी आले आणि ताईच्या मागे लागले.

ताई म्हणजे माझी थोरली बहीण. माझं चष्म्याचं दुकान तिच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. संध्याकाळी शटर ओढलं की माझे पाय आपोआप तिच्या चहाकडे वळतात. त्यामुळे हे सगळं माझ्या डोळ्यांदेखत घडलेलं आहे, आणि भावोजींची चेष्टा करायचा हक्क तर मला त्यांच्या लग्नातच मिळाला.

भावोजींची एक पद्धत आहे. बिघाड कुठलाही असो, पहिला प्रश्न ठरलेला: "कधीपासून?" त्यानंतर ते काय बिघडलंय हे शोधत नाहीत, काय बिघडलेलं नाही हे शोधतात. एकेकाला निर्दोष सोडत जायचं, शेवटी उरेल तो आरोपी. शेजाऱ्यांच्या वॉशिंग मशीनपासून माझ्या गुडघ्यापर्यंत सगळ्यांची त्यांनी अशी चौकशी केली आहे. माझा गुडघा अजून दुखतो, पण तो कशाकशामुळे दुखत नाही, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक नसेल.

निवृत्तीनंतर त्यांनी दोन स्पीकर स्वतः बनवले. कमरेएवढ्या उंच लाकडी पेट्या, आत आवाज घुमू नये म्हणून कापूस, पुढे थरथरून आवाज काढणारे काळे कागदी पडदे आणि मागे मुठीएवढं गोल भोक. खर्ज भरदार यायला ते भोक लागतंच म्हणे. दोन पेट्यांच्या बरोबर समोर, अगदी मधोमध, त्यांची खुर्ची. दोन्ही बाजूंचा आवाज तिथेच सारखा जुळतो, म्हणून खुर्चीचे चार पाय कुठे टेकायचे त्याच्या खुणा त्यांनी फरशीवर रंगानं केल्या होत्या. ताईची वेताची खुर्ची उजव्या पेटीला खेटून, स्वयंपाकघराच्या दाराशी. का, तर तिला ऊठबस करायला बरं पडतं.

रोज संध्याकाळी तासभर ऐकणं. त्या तासात पंखा बंद, दाराची घंटा बंद, कुकर चढवायचा नाही. कुणी कप जरी बशीत ठेवला तरी भावोजी उठून सुई उचलायचे, आवाज करणाऱ्याकडे न बघता शांत उभे राहायचे आणि रेकॉर्ड पुन्हा पहिल्यापासून लावायचे. ओरडले असते तर परवडलं असतं. ते न बघता उभं राहणं फार लागायचं. मध्यंतरी ताईला कोरडा खोकला झाला होता, तेव्हा तर एकच रेकॉर्ड अख्खा तास सुरूच होत राहिली. शेवटी भावोजींनी खिडकीच्या फटीला रबरी पट्टी ठोकली, गार वारा बंद झाला आणि काही दिवसांत खोकलाही गेला. त्या पट्टीचं कौतुक मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की मलाच खोकला यावा.

आता थोडं चेष्टेबाहेरचं. गेल्या वर्षी ताई ओट्यापाशी चक्कर येऊन पडली. कपाळाला टाके पडले. रक्तदाब भलताच वर गेला होता. डॉक्टरीणबाईंनी रोज संध्याकाळी एक गोळी लिहून दिली आणि दोघांना समोर बसवून बजावलं, की एकही दिवस चुकवायची नाही, पुढच्या वेळी नुसत्या टाक्यांवर भागणार नाही. भावोजींनी हाय खाल्ली. तेव्हापासून गोळीचं खातं त्यांच्याकडे. ऐकण्याचा तास सुरू होण्याआधी पट्टीतली गोळी स्वतः काढून ताईच्या तळहातावर ठेवायची, पाण्याचा पेला द्यायचा, आणि मगच वळून रेकॉर्ड लावायला जायचं.

एवढं करून रक्तदाब ढिम्म. उतरेना म्हणजे उतरेना. भावोजींनी आपली पद्धत सुरू केली. आधी मिठावर संक्रांत आली. मग चहा अर्धा झाला. जिने बंद. त्यानंतर दोषी मी ठरलो, कारण मी म्हणे नातेवाइकांच्या भानगडी सांगून ताईला भडकवतो. आठवडाभर मी त्या घरात हवापाण्यावर बोललो. मशीनवर रक्तदाब तपासला तेव्हा आकडा उलट वर. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पुढच्या सोमवारी असंच दिसलं तर जोरकस औषध सुरू करावं लागेल आणि दवाखान्यात ठेवून हृदयाच्या, मूत्रपिंडांच्या तपासण्या. मला रात्री झोप येईना. भावोजींचं तर विचारायलाच नको.

आणि नेमकी त्याच दिवसांत उजव्या स्पीकरमधून खरखर यायला लागली.

सगळीकडे नाही. भावोजींच्या लाडक्या एका जाड आवाजाच्या गायकाची रेकॉर्ड आहे; तो अगदी तळाच्या स्वरावर उतरून थांबला की उजवीकडून 'खर्रर्र'. वरच्या स्वरांना काही नाही. मला वाटतं, ताईच्या आकड्यानं आलेली सगळी हतबलता भावोजींनी त्या खरखरीवर काढली. इथे निदान पेचकस चालत होता.

"पेटी सोडून सगळं बघायचं," त्यांनी जाहीर केलं.

"पेटी का सोडायची?"

"पेटी मी बनवलीय."

हा पुरावा त्यांना पुरेसा होता. मग डाव्या-उजव्या तारांची अदलाबदल झाली, खरखर उजवीकडेच. म्हणजे अँप्लिफायर निर्दोष सुटला. पडद्यावर चार बोटं पसरून तो हलकेच आतबाहेर केला, कान लावला; कुठे घासत नव्हता. पडद्याचे स्क्रू कसून आवळले. मग खोलीची पाळी. कधीकधी थरथरते भलतीच वस्तू आणि नाव स्पीकरचं होतं, असं त्यांचं म्हणणं, आणि ते खरंही आहे. तो तळाचा स्वर पुन्हा पुन्हा वाजवायचा आणि मी एकेका वस्तूवर हात दाबून उभं राहायचं. कपाटाच्या काचा दाबल्या. भिंतीवरचं घड्याळ काढलं. फोटो उतरवले. खिडकीची कडी दाबली. शेवटी मला चष्मा काढायला लावला, खिशातल्या किल्ल्या बाहेर ठेवायला लावल्या, आणि तरी खरखर राहिली तेव्हा म्हणाले, "तू जरा बाहेर उभा राहा."

मी जिन्यात जाऊन उभा राहिलो. माझ्या वयाचा माणूस, दुकानाचा मालक. आतून 'खर्रर्र' ऐकू आलं तेव्हा मला निर्दोष सुटल्याचा जो आनंद झाला, तो सांगून पटायचा नाही.

ताई या सगळ्यात मूग गिळून बसली होती. एरवी तिनं भावोजींना फैलावर घेतलं असतं. तिच्या खुर्चीचा वेत वाजतो का तेही पाहून झालं; ती निमूट उठली, निमूट बसली. मी मनात म्हटलं, सोमवारची धास्ती घेतली हिनं.

रविवारी भावोजी रबराच्या चार चकत्या घेऊन आले. पेटीचा पाया फरशीवर थरथरत असेल, तर खाली रबर घालू. ओझं उचलायचं म्हटल्यावर अर्थातच माझी आठवण झाली.

"हळू कलती कर. माझ्याकडे."

"राहू दे ना आज," ताई म्हणाली. "उद्या दवाखान्यात जायचंय, कशाला पाठ धरून घेतोस?"

तोवर मी पेटी कलती केली होती. आत काहीतरी सर्रकन घरंगळत गेलं. मी पेटी सरळ केली. ते परत घरंगळलं. अगदी खुळखुळ्यासारखं.

"आत काहीतरी आहे," मी म्हणालो.

"कापूस सरकला असेल."

"भावोजी, कापूस वाजतो कधी?"

"दूध उतू जाईल," म्हणून ताई स्वयंपाकघरात गेली. ओट्यावर दूध नव्हतं, हे मला चहा पिताना दिसलं होतं.

भावोजींनी मागच्या फळीचे स्क्रू काढायला घेतले. आपल्याच पेटीवर पेचकस धरताना त्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता आणि मी तो मनसोक्त पाहत होतो. फळी निघाली. कापसाच्या घड्यांमध्ये आणि खाली तळाच्या कोपऱ्यात पांढऱ्या गोळ्या होत्या. ओंजळभर. मधे बारीक रेघ असलेल्या. भावोजींनी एक उचलून बोटांत फिरवली. त्यांनी ओळखायला वेळ लावला, मी नाही. रोज त्याच बोटांनी पट्टीतून काढलेली गोळी होती ती.

मला पहिल्यांदा राग आला, तो ताईचा. गेले कित्येक दिवस आम्ही दोघं हबकून बसलेले, आणि ही बाई भावोजी रेकॉर्डकडे वळले की मागे हात नेऊन गोळी भोकात सोडून देत होती. सुरुवातीच्या कापसावर पडल्या, म्हणून वाजल्या नाहीत; नंतरच्या तळाच्या लाकडावर साठल्या आणि खर्जाबरोबर थरथरायला लागल्या. ती दारात येऊन उभी राहिली होती. पदराशी चाळा चालला होता.

भावोजींनी गोळी पुढे धरली. आवाज मोठा नव्हता. सवयीनं तोंडून जो प्रश्न निघायचा, तोच निघाला.

"कधीपासून?"

ताई आधी माझ्याकडे बघून बोलली. "त्या गोळीनं मला खोकला यायचा. घेतली की घशात खवखव सुरू, थांबवू म्हटलं तरी थांबायची नाही. दोन दिवस नाही घेतली, तर खोकला गेला." मग ती त्यांच्याकडे वळली. "एका संध्याकाळी तुम्ही तीनदा सुई उचललीत. तीनदा पहिल्यापासून लावलीत. माझ्याकडे बघितलंही नाहीत. त्या दिवसापासून."

"अगं, मग सांगायचं ना!"

"काय सांगायचं? तुमचा तेवढाच एक तास. तो मी रोज मोडायचा?"

खिडकीच्या पट्टीबद्दल बोलायची ही उत्तम संधी होती. मी ती जाऊ दिली. भावोजी पेचकस हातात धरून उभे होते. मीठ, चहा, जिने, घड्याळ, खिडकीची कडी, मी, सगळ्यांची चौकशी करून झालेल्या त्या माणसानं एकाच गृहस्थाला कधी प्रश्न विचारला नव्हता, आणि तो गृहस्थ खोलीच्या मधोमध बसत होता. त्यांनी पेचकस खाली ठेवला. गुडघे टेकून ते एकेक गोळी वेचायला लागले. ताई म्हणाली, "राहू द्या, मी काढते," तर त्यांनी नुसती मान हलवली. त्यांचे डोळे भरले होते आणि ते पुसायला हात रिकामा नव्हता.

सोमवारी डॉक्टरीणबाईंसमोर त्यांनी वेचलेल्या गोळ्यांची बाटली स्वतः ठेवली आणि सगळं सांगितलं, सुई उचलण्यासकट. बाईंनी तिघांनाही झापलं. मला का, ते अजून कळलेलं नाही. हा खोकला त्या गोळीचाच, कुणाकुणाला होतो, आधी बोलला असतात तर तेव्हाच बदलून दिली असती, म्हणाल्या. गोळी बदलली. जोरकस औषध लांबणीवर पडलं, तपासण्याही. पुढे आकडा हळूहळू उतरला आणि ताईच्या चहाला पुन्हा चव आली.

पेटीची मागची फळी भावोजींनी दुसऱ्याच दिवशी परत बसवली. मागच्या भोकावर बारीक जाळी बसवली आहे. झुरळं जातात, असं ते मला सांगतात आणि मी 'हो का' म्हणतो.

फरशीवरच्या रंगाच्या खुणा त्यांनी खरवडून काढल्या. वेताची खुर्ची उजव्या पेटीपासून उचलून आपल्या खुर्चीच्या शेजारी आणून ठेवली आणि दोन्ही मावाव्यात म्हणून आपली डावीकडे सरकवली. आता दोघांनाही आवाज पुरता जुळून येत नाही. मी तसं म्हटलंही. ते म्हणाले, ऐकू येतंय तेवढं पुरे.

ऐकताना डोळे मात्र आता मिटत नाहीत. ताई बराच वेळ गप्प बसली की हे चुळबुळतात. परवा तर ऐन तळाच्या स्वरावर वळून विचारलं, "बरी आहेस ना गं?"

"शू," ताई म्हणाली. "ऐकू द्या."

मी हसू दाबत समोर बघितलं. दोन्ही खुर्च्यांच्या मधे, आवाज बरोबर जुळतो त्या जागी, एक स्टूल आहे. त्यावर गोळ्यांची पट्टी आणि पाण्याचा रिकामा पेला होता.