पुठ्ठा नसलेली पुस्तकं

“पुठ्ठा तू ठेव. माणूस आत असतो,” असं म्हणत सर कादंबरीचं शेवटचं पान आधी उघडायचे.

बोरिवलीत माझं रद्दीचं दुकान. पुठ्ठा वेगळा विकला जातो, म्हणून आलेल्या पुस्तकांचे पुठ्ठे मी आधी फाडतो. सर गोराईचे, निवृत्त शिक्षक, गळ्यात बारीक क्रूस. फेरीबोटीने यायचे, दुकानातल्या एकुलत्या स्टुलावर बसायचे आणि त्या बिननावाच्या कादंबऱ्यांत येशू शोधायचे. एखाद्या पानावर पेन्सिलीने खूण करून म्हणायचे, “सापडला.”

तुम्हीच सांगा, असं गिऱ्हाईक आलं तर काय वाटेल? त्यात ते घासाघीस करत नसत. जो घासाघीस करत नाही त्याचा मला पहिला संशय. आधी वाटलं, यांना दुर्मिळ पुस्तकं ओळखता येतात. मग वाटलं, मला बाटवायला येतात. एकदा डोकं सटकलं. म्हटलं, धर्म विकायचा तर चर्चजवळ विका.

“अरे, मी विकत घ्यायला येतो,” सर म्हणाले. “विकतोस तू.”

आणि एक कादंबरी माझ्यापुढे ठेवली. “ही वाच. मग भाव सांग.”

वाचली. एका बाईचं घर तिच्या दिराने जाळलेलं. पुढे तोच दीर तापाने फणफणत दारात येतो आणि ती त्याला पेज वाढते. गावचं घर माझ्या धाकट्या भावाने खोटी सही करून विकलं, हे मी अख्ख्या बाजाराला ओरडून सांगितलेलं. नऊ वर्षं त्याचं तोंड पाहिलं नव्हतं. सरांनी हीच कादंबरी मुद्दाम निवडली असणार. मी ती आपटली. “मूर्ख बाई.”

“मूर्खच,” सर हसले. “दर रविवारी आम्ही असाच एक मूर्ख बघतो, क्रूसावर. भाव बोल.”

मला भाव सांगता येईना. धंद्यात असं पहिल्यांदाच झालं. कादंबरी माझ्याकडेच राहिली.

मग सर यायचे थांबले. एक दिवस त्यांची मुलगी रिक्षातून पुस्तकांची तीन पोती घेऊन आली. “डॅडी गेले. हे तुमच्याकडेच द्यायला सांगितलं होतं.” मी एकेक पुस्तक झटकून पाहिलं. चिठ्ठी नाही, प्रार्थनेचा कागद नाही. नुसत्या पेन्सिलीच्या खुणा.

परवा भाऊ दुकानाच्या पायरीशी येऊन उभा राहिला. “दादा,” एवढंच म्हणाला. वाळून गेलाय. नाटकही असेल.

सरांचं स्टूल मी पायाने त्याच्याकडे सरकवलं. चहा मात्र सांगितला नाही.