अक्काची भुतं

“दार उघाड ना वं माय! पोर बाहेर उभी शे!”

मोबाइलमधल्या बाईवर अक्का अशी खेकसायची. ती बाई बिचारी कडी लावून थरथरत असायची, कारण बाहेर तिचीच मेलेली मुलगी दार वाजवत असायची. आम्ही सगळ्या डोळ्यांवर पदर घेऊन बसलेल्या. भीती वाटायची नाही ती एकट्या अक्काला.

जळगावच्या एका डाळ मिलमध्ये ती तूरडाळ निवडायची आणि मी ऑफिसात होते. आता ती शिरपूरला लेकाकडे गेली आहे. तेव्हा दुपारचे डबे झाले की बायका माझ्या मोबाइलभोवती जमायच्या. सिनेमा भुताचाच हवा, ही अक्काची अट. बाहेर ऊन रणरणायचं, आत डाळीची पिवळी भुकटी उजेडात तरंगत राहायची, आणि अर्धवट झोपेत आम्ही ती भुतं बघायचो. तुम्हीही असे सिनेमे पाहिले असतील. त्यांत बहुधा कुणाचं तरी लेकरू गेलेलं असतं आणि ते परत आलं की आईबापच किंकाळ्या फोडतात. परत आलेल्या लेकरापासून असं पळणं अक्काला मुळीच पटायचं नाही.

“इतली रडनी पोरसाठे, आते ती उनी ते पळस कशाले?”

एकदा केस पिंजारलेली, पांढऱ्याफटक डोळ्यांची एक मुलगी भिंतीवरून चालत आली. शेजारची बाई किंचाळली. अक्का हळहळली, “केस इचरी दे ना तिना कोनी.” आम्ही पोट धरून हसलो.

अक्काची स्वतःची मुलगी चौदाव्या वर्षी तापानं गेली होती. मिलमध्ये सगळ्यांना ते ठाऊक होतं. अक्का मात्र “मनी पोर येई”, माझी मुलगी येईल, असं इतक्या सहज म्हणायची, की आपल्यालाच काही चुकीचं आठवतंय की काय असं वाटावं. आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात, झोके बांधतात. त्याच दिवशी गेलेल्या माणसांच्या नावानं पाण्याची घागर भरतात. अक्का दरवर्षी अंगणातल्या निंबाला झोका बांधायची. सासऱ्यांच्या नावाची घागर भरायची. मुलीच्या नावाची कधीच नाही.

एका वर्षी मला नको ते शहाणपण सुचलं. मीच बाजारातून मातीची घागर आणली आणि म्हटलं, “अक्का, ही तिच्यासाठी.” दुसऱ्या दिवशी ती घागर मिलच्या दारात तिवईवर होती, शेजारी पेला.

“प्या बठ्ठा,” ती सगळ्यांना म्हणाली. तो उन्हाळाभर मी ते पाणी खाली मान घालून प्याले. मला माझी लाज वाटत होती.

मग पुढच्या चैत्रात एक वेगळाच सिनेमा निघाला. त्यातली आई दार उघडते. मुलीला कुशीत घेते, “जा बाळा आता” म्हणते, आणि मुलगी भर उन्हात चालत दिसेनाशी होते. आम्ही सगळ्या मुसमुसत होतो. अक्काचं सूप मांडीवर तसंच राहिलं. मग ती म्हणाली, “पानी ते पाजानं व्हतं. इतल्या उन्हामा तशीच धाडी दिनी.”

त्या आखाजीला तिनं मला घरी बोलावलं. निंबाला झोका नव्हता. ओट्यावर नवी घागर होती. अक्कानं ती हातानं धुतली, काठोकाठ भरली, वर खरबूज आणि दोन आंबे ठेवले. मग तिनं मुलीचं नाव घेतलं. इतक्या वर्षांत मी ते पहिल्यांदाच ऐकलं.

“तहान लागनी व्हई तिले,” ती म्हणाली. मी तिच्याजवळ बसायला गेले, तर तिनं हातानं अडवलं.

“नही ताई. आते तुम्ही घर जा. माले रडानं शे.”