ठमीचं बाळंतपण

जगात घाबरण्यासारखं जे जे म्हणून आहे, त्या सगळ्याला माझ्या मावससासूबाई घाबरतात. सरकत्या जिन्याला, कुकरच्या शिट्टीला, फोन वाजला तर त्याला आणि वाजला नाही तर जास्तच. आणि अशा बाईच्या दारात लामा! काकांनी रिटायर झाल्यावर हौसेने ॲरिझोनातल्या चँडलरच्या बाहेर जागा घेतली, उंटाच्या नात्यातली ही लांब मानेची, लोकरीची जनावरं आणली आणि पुढच्याच वर्षी ते गेले. आम्ही सगळे म्हणालो, विकून टाका. तर मावशी म्हणे, "नवी माणसं त्यांच्यावर ओरडली तर?" कोल्हे ओरडायला लागले की त्या मला फोन लावतात. "जावईबापू, स्पीकरवर टाकते हं, तुम्ही जरा दरडावा." मग मी मीटिंगमधून उठून, ऑफिसच्या पार्किंगमध्ये उभा राहून ॲरिझोनाच्या कोल्ह्यांना मराठीत दम देतो.

यंदा त्यांची लाडकी ठमी व्यायली, त्या सकाळी मात्र मावशींना फोनवर बोलताच येईना. मी तसाच गाडी काढून निघालो. पिल्लू लटपटत उभं होतं. पण जवळ गेलं की ठमी कान पाडून थुंकायची आणि त्याला ढकलून द्यायची. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी फोनवर बजावलं, पहिलं दूध लवकर पोटात गेलं नाही तर पिल्लू हातचं जाईल. पिल्लाला उचललं, तर वेखंडाचा हा भपकारा!

"अहो, ओलं होतं बाळ," मावशी म्हणाल्या. "सर्दी होईल म्हणून पुसलं आणि वेखंड चोळलं. आपल्याकडे सगळ्याच बाळांना लावतात की!"

मी डॉक्टरीणबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, आई पिल्लाला वासानेच ओळखते. आधी तो वास घालवा.

मावशी पांढऱ्याफटक पडल्या. "म्हणजे मीच मारलं का हो त्याला?"

ओल्या टॉवेलने पिल्लू पुसून काढलं, ठमी जिथे व्यायली तिथला पेंढा त्याच्या अंगाला चोळला. त्याची मान कलंडायला लागली होती. संपलं सगळं, असं मला खरोखर वाटलं. मदतीला हाक मारावी म्हणून वळलो, तर मावशी जागेवर नाहीत.

मी पिल्लू ठमीपुढे ठेवलं. तिने ते हुंगलं. पुन्हा हुंगलं. मग घशातल्या घशात गुणगुणत ती बाजूला वळून उभी राहिली आणि पिल्लाने तोंड लावलं.

"मावशी, पितंय!" मी ओरडलो.

मावशी कुंपणापलीकडच्या रानात उभ्या होत्या. सापांच्या धास्तीने आजवर त्यांनी तिथे पाऊलही टाकलं नव्हतं. दोन्ही हात पदरात गुंडाळून त्या ढसाढसा रडत होत्या.

"या ना इकडे."

"नको हो, माझ्या हाताला वास आहे," त्या म्हणाल्या. "पोटभर पिऊ दे त्याला. मी इथे बरी आहे."