पुराचा विमा आणि आमचे सबनीस साहेब

पूर ओसरला की घरात गाळ उरतो आणि आमच्या ऑफिसात किस्से उरतात. गाळ माणसं लावून उपसता येतो, किस्से मात्र दरवर्षी वाढतच चाललेत. मी पेणची विमा एजंट. पेणपासून रोह्यापर्यंत घरं, दुकानं, कारखाने, सगळ्यांना पुराचा विमा विकते, आणि विकते म्हणजे विकतेच. कुणी नाही म्हटलं की मी सरळ बसकण मारते आणि चहा मागते. लोक मला विमावाली वहिनी म्हणतात.

या किश्श्यांतलं दुसरं माणूस म्हणजे आमचे सर्व्हेयर, सबनीस साहेब. मूळचे पुण्याचे. पाणी उतरलं की हे येणार, नुकसान बघणार, रिपोर्ट लिहिणार. त्यांनी लिहिलं तर माणूस पुन्हा उभा राहतो, नाही लिहिलं तर चिखल आहे आणि तो आहे. त्यामुळे ते दारात आले की भलेभले गार पडतात. माणूस वाईट नाही हो. फक्त जे डोळ्यांनी दिसलं तेच लिहिणार, वर एक अक्षर नाही.

*

रोह्याजवळच्या वरसे गावात एक भाऊ आहेत, नवीन रो-हाऊसवाले, कंपनीत शिफ्टला जातात. त्यांच्याकडे मी इतक्या वेळा गेले की त्यांचा कुत्राही माझ्यावर भुंकेना. दरवेळी एकच उत्तर. "वहिनी, आमच्याकडे पाणी येत नाय. प्लॉट उंचावर हाय."

बरं बाबा, राहिलं.

एका जुलैत सकाळी सकाळी त्यांचाच फोन. "वहिनी, तो विमा आज काढूनच टाकू. लगेच होईल ना?"

मला काय आनंद झाला! म्हटलं, होईल की, घरी येऊन जाते, घरीच आहात ना?

"घरीच हाय," भाऊ म्हणाले. "पण बेल वाजवू नका, ती पाण्यात गेलीय. आम्ही सगळी गच्चीवर हाव."

पाणी घरात शिरल्यावर त्या पुराचा विमा मिळत नाही, हे मी हल्ली चहा मागायच्या आधीच सांगून टाकते. भाऊ पुढच्या उन्हाळ्यात स्वतः चालत ऑफिसात आले.

*

निडी गावात एका शेतकऱ्याच्या घरात पाणी शिरलं. भात भिजलं, वाल भिजले, मागची भिंत खचली. विमा होता, क्लेम केला. मी साहेबांना घेऊन गेले तर घरधनी शेतावर, घरात फक्त त्याची बायको. ती मला ओळखत नव्हती, कारण नवराच पेणला येऊन विमा काढून गेला होता.

आता झालं असं, की त्याच आठवड्यात त्यांच्या मुलीला बघायला पाहुणे यायचे होते. साहेबांचा पांढरा शर्ट, हातात बॅग, बरोबर साडीतली मी. बाईंनी काही विचारलंच नाही. खुर्च्या पुसल्या, पोहे आणले, भिंतीला नवी चादर लावलेली होती ती नीट केली.

साहेब कामाचं बोलले. "इकडे पाणी कितपत आलं होतं?"

"पाणी? छे हो," बाई म्हणाल्या. "आमच्या घराला पाणी माहीतच नाय. समोरच्यांकडे शिरतं, आमच्याकडे नाय. मुलीनं माझ्या कधी चिखल बघितला नाय."

माझ्या तोंडात पोह्यांचा घास. तो गिळेपर्यंत साहेबांनी पेन काढून लिहायला घेतलंसुद्धा. तेवढ्यात नवरा पायाला चिखल घेऊन दारात. "अगो, काय बोलतेस? ते विम्यावाले हायत!"

बाई जराही डगमगल्या नाहीत. "मग तसं आधी सांगायचं नाय? लिहा साहेब, माळ्यापर्यंत आलं होतं."

साहेब उठले, चादर बाजूला केली, भिंतीवरची गाळाची रेघ टेपनं मोजली आणि तेवढंच लिहिलं. क्लेम मिळाला. मुलगी रोह्यात दिली आणि त्या लग्नात साहेब पंगतीला होते.

*

जिते गावाच्या पुढे खाडीकडच्या एका गावातला किस्सा तर साहेबांसमोर अजून काढता येत नाही.

तिकडे शेतं आणि खाडी यांच्यामध्ये मातीचा बांध असतो. उधाणाला तो फुटला, की त्याला खांड पडली म्हणतात. खांड पडली की सगळा गाव बांधावर. पुढची भरती यायच्या आत ती बुजवायची, नाहीतर खारं पाणी शेतात जाऊन जमीन कामातून जाते. अशा वेळी बांधावर जो दिसेल त्याच्या हातात घमेलं देतात. नाव-गाव विचारत नाहीत.

साहेबांना एका घराच्या क्लेमसाठी ती खांडच बघायची होती. पाणी कुठून आलं याचा पुरावा पाहिजे ना. मी गाडीपाशी थांबले, ते पुढे गेले. बराच वेळ झाला, माणूस परत येईना. जाऊन बघते तर साहेब पँट गुडघ्यावर दुमडून रांगेत, घमेली पुढे सरकवतायत! चष्म्यावर चिखल. आणि खरं सांगू, मला त्यांचा इतका अभिमान वाटला की हाक मारवेना.

भरती यायच्या आत खांड बुजली. लोक टेकले, चहा फिरला. मग एका म्हाताऱ्या काकांना सुचलं. "पावणे, तुम्ही कुणाकडे आलाव?"

"मी विम्याचा," साहेब म्हणाले. "खांड बघायची होती. फोटो काढायचाय."

काकांनी सलग झालेल्या बांधाकडे पाहिलं. "आता ती कुठली दिसायला? फोटो काढायचा होता तर आधी बोलायचं ना. तुम्हीच तर बुजवलीत."

*

माझ्या शेजारणीनं विमा काढला त्या वर्षी पाणी तिच्या उंबऱ्याला लागून मागे फिरलं. मला वाटलं, आता म्हणेल वापरला नाय, परत घ्या. तर बाईनं पॉलिसी लॅमिनेट करून दारावर लावली आणि रोज तिला हळदकुंकू. आता सगळी आळी माझ्याकडे. "वहिनी, तिचा लागला तोच द्या." मी कुणालाही काही समजावायला गेले नाही. पहिल्यांदाच अख्ख्या आळीचा विमा झाला, आणखी काय पाहिजे?

*

आणि आता बाळाकाकांचा किस्सा.

बाळाकाकांचा पेणला नदीच्या अंगाला गणपतीचा कारखाना. सगळं शाडूचं काम. शाडूची मूर्ती पाण्यात उभी राहिली की संपलं, तिचा चिखल होतो. ऐन जुलैत, गणपती तोंडावर असताना, भर दुपारी कारखान्यात पाणी आलं. काका-काकूंनी जेवढ्या जमल्या तेवढ्या मूर्ती माळ्यावर नेल्या. बाकीच्या विरघळल्या. क्लेम मिळाला नाही तर पुढच्या वर्षी कारखाना उघडणार नाही, हे काकू मला रडत रडत सांगून गेल्या होत्या.

साहेब आले. जमिनीवर पांढरा राडा, वर माळ्यावर लहान लहान रंगवलेले गणपती. साहेबांच्या कपाळाला आठी.

"काका, मोठ्या, महागाच्या मूर्ती कुठे होत्या?"

"इथं. जिन्यापाशीच."

"आणि या लहान?"

"त्या मागच्या खोलीत."

"म्हणजे जिन्यापाशी होत्या त्या सोडून तुम्ही पाण्यातून मागे गेलात?"

"व्हय."

माल वाचवायची नीट खटपट केली नाही, असा शेरा बसला की क्लेम अडकलाच. मी साहेबांच्या मागून काकांना खुणा करते, काहीतरी बोला म्हणून. साहेबांनीच वाट करून दिली. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना असं करताना पाहिलं.

"जड असतील ना हो मोठ्या?"

"नाय," बाळाकाका म्हणाले. "पोकळ होत्या. मी एकट्यानं नेल्या असत्या."

काकूंनी पदर तोंडाला लावला. साहेबांनी पेन उघडलं. "मग का नाही नेल्या?"

"साहेब, मोठ्यांचं रंगकाम व्हायचं होतं," काका म्हणाले. "मागच्या खोलीतल्यांची डोळ्यांची आखणी झालेली. त्यांना पाणी येताना दिसत होतं."

साहेबांनी माळ्यावरच्या गणपतींकडे पाहिलं. मग त्यांनी बूट काढून दाराबाहेर ठेवले, आत येऊन स्टुलावर बसले आणि रिपोर्टात लिहिलं, "मूर्ती जड होत्या."