आता मले काढा

छतावर सोलर पॅनल बसवायचा आमचा धंदा. कोणतं छत झालं, कोणतं राहिलं, हे मोबाइलच्या मेसेजांत हरवून जायचं. म्हणून जठारपेठेतल्या ऑफिसातल्या जुन्या कॉम्प्युटरवर कामांची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर बसवायला बडनेऱ्याहून एक जण आला. त्याने चपला दाराबाहेर काढल्या, कॉम्प्युटर उघडून धूळ फुंकली, आणि टाइप करताना प्रत्येक ओळ पोथीसारखी पुटपुटत राहिला.

दुपारी लॉगिनचं पान उघडलं, तेव्हा मी खुर्चीतून उठलोच! तेवढ्यात नांदगाव खंडेश्वरच्या एका छतावरून आमच्या फिटरने मोबाइलवर 'पूर्ण' दाबलं आणि इथे ती ओळ हिरवी झाली. ऑफिसातले आम्ही तिघंही ओरडलो.

बडनेऱ्याच्या त्या माणसाने मला अॅडमिन केलं, म्हणजे सगळे अधिकार दिले, पासवर्ड टाकायला लावला, तोवर मान खिडकीकडे वळवून उभा राहिला. मग स्क्रीनवरच्या स्वतःच्या खात्यावर बोट ठेवून म्हणाला, "आता मले काढा."

"काहून? उद्या बिघडलं तं?"

"बोलवा, मी येतो. पण घर तुमचं, तं चाबी माह्या खिशात काहून?"

मी त्याचं खातं पुसलं. चहा पिऊन तो गाडीला गेला.

आता यादी लांबलचक झाली आहे. तिच्या तळाशी पहिलं काम अजून दिसतं: 'सॉफ्टवेअर बसवणे, पूर्ण.' खातं पुसल्यामुळे करणाऱ्याच्या जागी सॉफ्टवेअरने आपणहून लिहिलंय, 'अनामिक'. नाव मला पाठ आहे. पण त्यानेच पुसायला लावलं, म्हणून इथेही लिहीत नाही.