तीस तारीख माझी नाही

परवा तीस सप्टेंबरला लातुरात माझा वाढदिवस साजरा झाला. मला न विचारता... आणि माझं डोकं अजून ठिकाणावर आलेलं नाही, म्हणून इथे लिहितेय.

मी किल्लारीची. लातूरच्या एका कोचिंग क्लासमध्ये नीटच्या मुलांना बायोलॉजी शिकवते. त्र्याण्णवच्या भूकंपात अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, पहिली बायको आणि दोन लेकरं गेली. रात्री गणपती विसर्जन करून गाव झोपलं होतं, आणि पहाटे गावच उरलं नाही. पुढे नातेवाइकांनी अण्णांचं माझ्या आईशी लग्न लावून दिलं, आणि मी जन्मले ती नेमकी तीस सप्टेंबरलाच.

आता त्या दिवशी घरात रडायचं की पेढे वाटायचे? तोडगा आईने काढला. मी जन्मले तेव्हा नवरात्रातली सातवी माळ होती. आईने सांगून टाकलं, पोरीचा वाढदिवस तिथीने करायचा. तारीख त्यांची, माळ हिची.

तेव्हापासून तीस तारखेला भूकंपाच्या स्मारकावर फुलं वाहून येईपर्यंत आमच्याकडे गॅस पेटत नाही, आणि दिवसभर गोड काही होत नाही. सातव्या माळेला मात्र मला ओवाळतात, शिरा होतो, नवे कपडे येतात. शाळेत बाकीच्या पोरी तारखेला चॉकलेटं वाटायच्या तेव्हा मला वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू... पण ही वाटणी आमच्या घराने केली होती. त्यात नाक खुपसायचा हक्क कुणाला नव्हता.

परवा सकाळी अण्णांबरोबर स्मारकावर जाऊन आले आणि दुपारी त्यांना डोळे दाखवायला लातूरला आणलं. दवाखान्याकडे जाताना ऑटो क्लासच्या रस्त्याला वळला, आणि समोर गेटवर भलामोठा फ्लेक्स! माझा फोटो, डोक्यावर चिकटवलेला सोनेरी मुकुट. खाली लिहिलेलं, ‘ज्या दिवशी धरणी हादरली, त्याच दिवशी जन्मली आमची बायो क्वीन!’ आणि त्याच्याही खाली... नवीन बॅचचे प्रवेश सुरू.

अण्णांनी ऑटो थांबवायला लावला. डोळे बारीक करून सगळं वाचलं, अगदी प्रवेश सुरूपर्यंत. आपली पोरगी आपल्या मेलेल्या लेकरांच्या नावावर मुकुट घालून मिरवते, असं त्यांना वाटलं तर? हे एकदा त्यांच्या मनात बसलं असतं, तर मी कितीही समजावलं तरी निघालं नसतं.

मी तरातरा आत गेले. हॉलमध्ये फुगे, केक, स्पीकरवर गाणं. क्लासचे संचालक सर हसत पुढे आले. माझ्या बायोडेटातून गाव आणि तारीख उचलून ही आयडिया त्यांनीच काढली होती. म्हणाले, “मॅडम, पॉझिटिव्ह घ्या ना. दुःखाचं सक्सेसमध्ये रूपांतर!”

दुःख कुणाचं आणि सक्सेस कुणाचं, हो? तोंडाला येईल ते बोलले मी त्यांना. फ्लेक्स आत्ता उतरवा, नाहीतर उद्यापासून मी येत नाही, हेही सांगितलं. ते आपले एकच धरून बसले... एका दिवसाचा प्रश्न आहे मॅडम, उद्या काढूच.

तेवढ्यात अण्णा दारात येऊन उभे राहिले. हे वडील, किल्लारीहून आलेत, एवढं कळल्यावर त्या माणसाने काय करावं? थेट माइक घेऊन गेला त्यांच्याकडे. “काका, या ना, भूकंपाचा अनुभव सांगा. मुलांना मोटिव्हेशन मिळेल.” आणि एकाला म्हणतो, व्हिडिओ चालू कर.

मी माइक हिसकावणार होते. अण्णांनी मला हातानेच थांबवलं.

“मोटिव्हेशन म्हंजी काय ते मला न्हाई ठावं,” ते म्हणाले. “नावं सांगतो. गयाबाई, मपली मंडळी. सुरेखा, मपली थोरली पोरगी. बालाजी, त्यो अजून चालत बी नव्हता. आजचा दिस ह्यांचा हाय. हिचा सातव्या माळेला ऱ्हातो. तवा या समदे घरी, जेवून जावा. आज केक कापू नगा.”

माइक परत दिला आणि बाहेर गेले. गाणं कुणीतरी बंद केलं होतं. ती नावं मी स्मारकावर दरवर्षी वाचते, पण अण्णांच्या तोंडून आजवर एकदाही ऐकली नव्हती. आमच्या घरात ती कुणी उच्चारतच नाही.

फ्लेक्स मीच उतरवला. वॉचमनच्या खुर्चीवर चढून, केकच्या सुरीने दोऱ्या कापून. संचालक सर मागून म्हणत होते, मॅडम ओव्हररिअॅक्ट करताय... करतेय. नोकरी राहील की जाईल माहीत नाही. गेली तर लातुरात क्लासेसना तोटा नाही, पण आधी गाव आणि जन्मतारीख विचारणाऱ्या क्लासमध्ये पाय ठेवणार नाही.

ऑटोत बसलो. अण्णा बाहेर बघत होते, एकदम म्हणाले, “सुरेखा बी अशीच व्हती. लई भांडखोर. कुनाला आयकायची न्हाई.”

मी विचारलं, अजून कशी होती? आणि अण्णा सांगायला लागले. दवाखाना आला तरी सांगतच होते... ऑटोवाल्याने मीटर बंद करून आम्हाला तसंच बसू दिलं.