कड किती, आत किती

भिकाजी ढेबे महाडच्या कॉलेजात गणित शिकवत. जन्म मात्र कापडे गावाच्या वर, डोंगरमाथ्यावरच्या नऊ घरांच्या धनगरवाडीतला. १९९८ च्या मार्गशीर्षात, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी, त्यांचा आठ वर्षे चाललेला प्रबंध टंकलिखित होऊन हाती आला. सोमवारी तो विद्यापीठात द्यायचा होता आणि नोंदणीची मुदतही त्याच दिवशी संपत होती. शनिवारी एसटीने कापड्याला उतरून, एक प्रत पिशवीत घालून, ते आईला दाखवायला डोंगर चढले.

बयाबाईंनी हात पुसून प्रत मांडीवर घेतली.

"येवढं समदं तूच लिवलंस?"

"व्हय, आये."

"आन् यानं डाक्टर व्हनार. मंग माज्या गुडघ्याचं काय करशील?"

"गुडघ्याचं काय नाय करता यायचं."

"मंग कसला रं डाक्टर!" त्या हसल्या, पण प्रत काही खाली ठेवीनात.

वाडीत गुरे राखायची पाळी घरोघर फिरते. ज्या घराचा दिवस, त्याने साऱ्या वाडीची गुरे न्यायची. रविवार बयाबाईंचा होता आणि गुडघा धरलेला, म्हणून भिकाजी काठी घेऊन निघाले. शेजारचे कुशाबा अंगणातून ओरडले, "मास्तर, म्हशींना पाढे नका शिकवू, दूध आटंल!"

लहानपणी भिकाजींनी गुरे राखली ती माळावर. तिथली रीत सोपी होती: राखणाऱ्याने फक्त कडेच्या जनावरांवर नजर ठेवायची, आतली आपोआप एकत्र राहतात. कडेला थोडी, आत पुष्कळ. पण त्या वर्षी पावसाळा सरताच लागलेल्या वणव्याने माळ जळाला होता, म्हणून त्यांनी गुरे डोंगराच्या सोंडेवर नेली. तिथे वाटेला फाटे फुटत होते, फाट्यांना पुन्हा फाटे, आणि एकदा वेगळी झालेली वाट दुसरीला पुढे कुठेच मिळत नव्हती. तासाभरात त्रेचाळीस जनावरे अशी पांगली की जवळजवळ प्रत्येक जनावर कुठल्या ना कुठल्या वाटेच्या टोकाला होते. कडेवर नजर ठेवायची, तर सगळ्यांवरच ठेवावी लागत होती. आत असे कोणी उरलेच नव्हते.

भिकाजी दगडावर बसले. त्यांच्या प्रबंधाचा विषय होता गट आणि त्यांच्यावरची फलने. गटातला प्रत्येक घटक एखाद्या अवकाशाला असा फिरवतो की त्यातली कोणतीही लांबी बदलत नाही. अशा फिरवण्यांतून जी फलने जन्मतात, त्यांची बेरीज-गुणाकाराची व्यवस्था ते अभ्यासत होते. तिसऱ्या प्रकरणात त्यांनी गटाचा एक मोठा तुकडा घेऊन, त्यावर सरासरी काढून, तुकडा थोडा सरकवला तरी सरासरी फारशी बदलत नाही असे धरले होते. तुकड्याची कड लहान असली तरच हे खरे. त्यांनी लिहिले होते, 'कोणत्याही गटासाठी'. आठ वर्षे गट म्हटला की त्यांच्या डोळ्यांपुढे आपल्या वाडीचा माळच येत होता. फाट्याफाट्यांनी वाढणारा, ज्याच्या प्रत्येक तुकड्यात कडच मोठी असते असा गट त्यांना पुस्तकातून ठाऊक होता. पण लिहिताना तो कधी आठवला नाही. तिसरे प्रकरण उभे राहत नव्हते, आणि पुढची दोन त्याच्यावर उभी होती.

गुरे गोळा करेपर्यंत दिवस मावळला. भाकरी थापणाऱ्या आईजवळ बसून ते म्हणाले, "आये, त्यात चूक हाय."

"कुनाला कळंल?"

"बहुतेक नाय. सरांच्या नजरंतूनबी सुटली."

"मंग?"

"मला कळलीय. उद्या कोनी माज्या शब्दावर इसंबून फुडचं मांडील."

बयाबाईंनी तव्यावरची भाकरी उलटवली. "मी जित्ती हाय तवर डाक्टर व्हशील असं वाटलं व्हतं," त्या म्हणाल्या. "किती लागंल आता?"

"पुन्ना नोंदनी करायची. दोन वर्सं."

"दोनच ना? मंग दोन वर्सं मी कुठं जात नाय." त्यांनी पहिली भाकरी लेकाच्या ताटात टाकली. "सांग जा त्यांना. आन् जेव आदी, दिसभर उपाशी हिंडलास."

सोमवारी सकाळी कापड्याच्या बूथवरून त्यांनी मार्गदर्शकांना फोन लावला आणि सोंडेवर काय उमगले ते सांगितले. पलीकडून पाने उलटल्याचा आवाज येत राहिला. मग वृद्ध आवाज म्हणाला, "ढेबे, हा 'कोणत्याही' शब्द मीही आठ वर्षं वाचत होतो. चूक दोघांची आहे. पुनर्नोंदणीच्या अर्जावर कारण लिहावं लागतं. माझंही नाव घाला त्यात."

"नाही सर, ते—"

"घाला. आणि या आठवड्यात या. कोणत्या गटांसाठी ते खरं आहे, ते एकत्र बसून पाहू."